भिंतीच्या पाठचं घर

माझी आई जिथं मेली तिथं आता अंघोळीचा टब आहे, हे मला सेंगाच्या फोनवर कळलं. सेंगा आमच्या खालच्या मजल्यावर राहते. तिच्या लग्नाचा वाढदिवस जवळ आला होता आणि नवऱ्याला घेऊन कुठंतरी लांब, शांत जागी जायचं तिच्या मनानं घेतलं होतं. मी हॉस्पिटलच्या धुलाईघरातून दिवसभर पांघरुणांच्या घड्या घालून आले होते, पाय भरून आले होते, आणि ही बया मला जिन्यात अडवून एकेक फोटो दाखवत होती. "हे बघ गं कर्स्टी, माळ्याचं घर म्हणे. किती गोड! खोलीतच टब. पाण्यात पडायचं आणि खिडकीतून बाग बघायची." मी बघितलं. पांढरा टब, त्याला पितळी पाय, मागं एक मोठी खिडकी, खिडकीत निळं आकाश. आधी काहीच ओळखीचं वाटलं नाही. मग टबाच्या डोक्याशी चुलाणा दिसला, त्याच्या कडेचा दगड कोपऱ्यात फुटलेला. तो मी फोडला होता, इस्त्री पाडून. म्हणजे ही आईची खोली. म्हणजे टब आहे तिथं पलंग. आणि त्या भिंतीला खिडकी नव्हतीच. कधीच नव्हती. "काय गं, पांढरी पडलीस," सेंगा म्हणाली, "काही खाल्लंयस की नाही?" मी म्हटलं, खाल्लंय. आणि वर आले.

वर बाबा होते. ते असतातच. मागच्या खिडकीशी खुर्ची, गुडघ्यावर शाल, नजर मागच्या आवारातल्या विटांच्या भिंतीवर. ग्लासगोत राहायला येऊन त्यांना आता बरीच वर्षं झाली, पण या शहराबद्दल त्यांचं मत एकच. इथल्या चांगल्या चांगल्या दक्षिणमुखी भिंती फुकट चालल्यात. बसमधून जाताना म्हणतात, चर्चकडं बोट दाखवून म्हणतात, माझ्या दाताच्या डॉक्टरकडं नेलं तर तिथंही खिडकीतून वाकून ऊन कुठून येतं ते बघून आले. "एवढी उबदार भिंत आणि तिला टेकून ठेवल्यात काय, तर कचऱ्याच्या पेट्या." बाकी बोलणं बेताचंच. लापशी दिली की खातात, औषध दिलं की घेतात. मी त्यांचं सगळं करते, त्यात कसूर नाही. लोक म्हणतात, लेक असावी तर अशी. लोकांना काय कळतंय. मी त्यांचे कपडे धुते, पाठ चोळते, नखं काढते आणि या सगळ्या वेळात माझ्या पोटात एक गोष्ट असते, जी मी त्यांना एकदाही बोलून दाखवलेली नाही. त्यांनी माझ्या आईच्या अंगावरचं ब्लँकेट काढून नेलं आणि जर्दाळूच्या झाडावर घातलं. ती आजारी होती. त्या आठवड्यात ती गेली. बस, एवढंच. हे वाक्य मी अकराव्या वर्षापासून पोटात घेऊन फिरतेय. ते कसं बोलायचं, कुठं बोलायचं हे तेवढं राहून गेलं होतं.

बाबा मुख्य माळी होते ती बालकेरनची बाग म्हणजे चार भिंती. दोन पुरुष उंच दगडी भिंती आणि आत सगळं मोठ्या घरासाठी, म्हणजे जहागीरदारांच्या वाड्यासाठी. भाज्या मोठ्या घराच्या, फळं मोठ्या घराची, कापायची फुलंसुद्धा. उत्तरेच्या भिंतीला आतून दिवसभर ऊन लागतं, म्हणून तिच्यावर जर्दाळू. हात पसरून भिंतीला बांधून घातलेले, एकेक फांदी कातड्याच्या पट्टीनं खिळ्याला अडकवलेली. आणि त्याच भिंतीच्या पाठीला, जिथं कधी ऊन येत नाही तिथं, मुख्य माळ्याचं घर. आमचं. भिंत एकच. तिकडून झाड टेकलेलं, इकडून आमचे पलंग. आमच्या घराला बागेच्या बाजूनं एकही खिडकी नव्हती. मुद्दाम ठेवली नव्हती. मोठ्या घरची माणसं बागेत फिरताना माळ्याच्या बायकोनं डोळे लावून बसू नये म्हणून. आमच्या खिडक्यांतून दिसायच्या त्या कुंड्यांच्या शेडी, कुजवलेलं शेणखत आणि त्यापलीकडं चढावरचे पाइन. घराच्या शेजारी भिंतीत एक बुटकं दार होतं, तेवढी वाट. त्यातून बाबा आणि त्यांच्या हाताखालची माणसं जायची. आईनं जायचं नाही. मी जायचं नाही. भिंत आतून पोकळ होती. जुन्या काळी तिच्या पोटात विस्तव घालून ती तापवायचे, जर्दाळूच्या फुलाला थंडी बाधू नये म्हणून. युद्धात कोळसा बंद झाला तो पुन्हा आला नाही. मग फुलं आली आणि आकाश निवळलं, म्हणजे रात्री गोठणार असं दिसलं, की झाडावर घालायला बाबा घरोघरची पांघरुणं गोळा करायचे. आमच्या घरची आधी.

आणि ती घंटा. वरच्या फाटकाला, मोठ्या घराच्या बाजूला, एक घंटा होती. बाईसाहेब बागेत यायच्या असल्या की आधी ती वाजायची. वाजली की माळ्यांनी हातातलं काम टाकून दिसेनासं व्हायचं. कुदळसुद्धा दिसता कामा नये. बाग आपोआप उगवलीय असं वाटलं पाहिजे. बाकीच्या जहागिरींवर हे थेर युद्धानंतर संपले, आमच्याकडं चालू राहिले, कारण बाईसाहेबांना ती सवय होती आणि त्यांना कुणी काही म्हणत नव्हतं. शाळेत पोरं मला चिडवायची. कुणीतरी मधल्या सुट्टीत वाटी वाजवायचं आणि सगळी ओरडायची, "कर्स्टी, लप!" मी कधी लपले नाही. मी एकीचा दात पाडला. बाबांनी त्याबद्दल मला काही म्हटलं नाही, आईनं मारलं, आणि मग मला कुशीत घेऊन ती हसत बसली.

शेवटी झालं ते असं की सेंगाच्या नवऱ्याचा गुडघा सुजला. "आता रद्द केलं तर छदाम परत मिळणार नाही म्हणे. तू जा ना म्हाताऱ्याला घेऊन. नाव माझंच सांग, डॉकर्टी. त्यांना काय, कुणीही चालतं." मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले. का ते मला तेव्हाच ठाऊक होतं. मला त्यांना त्या खोलीत उभं करायचं होतं. टबापाशी. आणि विचारायचं होतं. आपल्या ग्लासगोच्या घरात, कपबशा विसळताना, असलं विचारता येत नाही. तिथं विचारता येईल. आणि ते हो म्हणाले असते तर... तर काय, ते मी ठरवलं नव्हतं. एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, की हो, मी झाड निवडलं. ते शहाऐंशीला टेकले होते. उद्या उठलेच नाहीत, तर मी ते वाक्य कुणाला ऐकवणार? रात्री जेवताना म्हटलं, "बाबा, बालकेरनला जाऊन येऊ या? दोन दिवस." ते बटाटा कुस्करत होते. कुस्करायचे थांबले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. आईचं नाव काढतील. "एप्रिल लागला," ते म्हणाले. "जर्दाळू फुलला असेल." माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की मी उठून नळ सोडून उभी राहिले.

आगगाडीत ते खिडकीशी बसले आणि पर्थ येईपर्यंत झोपले. मी त्यांच्याकडं बघत होते. झोपेत तोंड उघडं, हनुवटीवर दाढीचा एक पांढरा पट्टा, जो माझ्याकडून राहून गेला होता. माणूस इतका जुना झाला की त्याच्यावर राग धरणंसुद्धा कसंनुसं वाटतं, पण माझा राग त्यांच्या वयाचा नव्हताच, तो तेव्हाच्या माणसावर होता. काळ्या केसांच्या, उंच, हाताला माती असलेल्या माणसावर. तो माणूस गेला कुठं आणि त्याच्या जागी हे गाठोडं माझ्याकडं कुणी आणून टाकलं? आईच्या चेहऱ्याचं मला आता नीट काही आठवत नाही. आठवतो तो तिचा खोकला, भिंतीपलीकडून कुणीतरी हातोडी मारत असल्यासारखा. नाताळापासून ती पलंगावर होती. छाती. डॉक्टर म्हणायचे, ऊब ठेवा. ऊब ठेवा! त्या खोलीत भिंतीला हात लावला की हात ओला व्हायचा. तिच्या अंगावर एक करडं जाड ब्लँकेट असायचं, सैन्यातलं, बाबांनी आणलेलं. त्याच्या काठाला लाल दोरा. त्या संध्याकाळी आकाश काचेसारखं झालं होतं. बाबांनी मला शेतावरच्या गोठ्यात धाडलं, गोणपाटं मागून आण म्हणून. मी गोणपाटं घेऊन परत आले तर आई पलंगावर, अंगावर नुसती चादर आणि वर बाबांचा कोट. ओठ निळे. दात वाजत होते. ब्लँकेट नव्हतं. खाली तिच्या सपाता, चिंब ओल्या. मी त्या सपाता चुलाण्यापाशी वाळत घातल्या, चुलाण्यात विस्तव नव्हता तरी. बिचारी एकटीच उठून मागं संडासला गेली असणार, हात धरायला कुणी नाही, असं मला तेव्हा वाटलं आणि पुढंही वाटत राहिलं. सकाळी मी बुटक्या दारातून वाकून बघितलं. जर्दाळूवर, अगदी मधोमध, लाल दोऱ्याचं ब्लँकेट.

स्टेशनवर आम्हाला घ्यायला मोठ्या घरची सूनबाई स्वतः आली होती. "मिसेस डॉकर्टी ना? मला पिपाच म्हणा, सगळे पिपाच म्हणतात." गुडघ्यापर्यंतचे, चिखल लागलेले बूट, हिरवा कोट, हसरा चेहरा. वाईट बाई नव्हती. तिला वाईट म्हणता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. बाबांना तिनं हात धरून गाडीत बसवलं, पट्टा लावला, आणि वाटभर मागं वळून वळून त्यांना ओरडून सांगत राहिली, जणू ते बहिरे आहेत. "तुम्हाला फार आवडेल बघा! आमचं हे माळ्याचं घर दोनशे वर्षांचं आहे!" बाबा म्हणाले, "असं का." मी बाहेर बघत राहिले. रस्ता तोच. वळणावरचा बीचवृक्ष तेवढा गेला होता. बाबांनी तिथं मान वळवली, परत सरळ केली.

घर मात्र त्यांनी असं काही चकाचक केलं होतं, की मला हसूच आलं. शेणखताच्या जागी लव्हेंडर. दारावर लोखंडी फावडं टांगलेलं, शोभेला. आणि आत शिरल्या शिरल्या उजेड. त्या घरात मी कधी उजेड बघितला नव्हता. बागेच्या बाजूची भिंत फोडून त्यांनी काच बसवली होती आणि तिकडचं सगळं ऊन आत येत होतं. पिपा सांगत होती, भिंत इतकी जाड, की फोडायला आठवडा लागला. आत पोकळ निघाली, काजळी निघाली, कामगार काळे होऊन बाहेर आले. "विचार करा, बिचाऱ्या त्या माणसांना एवढी सुंदर बाग दारात आणि घरातून दिसतसुद्धा नव्हती! वेडाच कारभार." मग बाबांना ऐकू जावं म्हणून आवाज चढवून, "पण तसे लाड पण खूप होते हं त्यांचे! आमच्या आजेसासूबाई फार प्रेमळ. वरच्या फाटकाला घंटा आहे ना, ती त्या रोज वाजवायच्या, माळ्यांना चहाला बोलवायला! आम्ही ती प्रथा पुन्हा सुरू केलीय. संध्याकाळी घंटा झाली की बागेत या, मी वाइन आणते." मी बाबांकडं बघितलं. आता बोला ना, मी मनात म्हणत होते, सांगा हिला तुम्ही कोण ते. सांगा ती कशाची घंटा होती. बाबांनी टोपी काढून हातात धरली होती, मोठ्या घरात बोलावल्यासारखी. "हो," ते म्हणाले. "असेल तसं." आणि ती गेल्यावर म्हणाले, "चांगली पोर आहे."

खोलीत गेलो. टब होता. त्यात बागेतल्या उन्हाचा चौकोन पडला होता. पलीकडच्या कोपऱ्यात नवा पलंग, त्यावर पांढरी रजई. चुलाण्याच्या फुटक्या दगडावर कुणीतरी मेणबत्ती ठेवली होती. इतकी वर्षं मी या खोलीत काय बोलायचं ते पाठ केलं होतं. बाबा टबाच्या कडेला हात टेकवून उभे राहिले, जपून, गरम असेल की काय अशा बेतानं. मला वाटलं, आता रडतील. रडले असते तर मी सगळं तिथंच टाकून दिलं असतं, खरं सांगते. पण ते टबाकडं बघतच नव्हते. त्यांची नजर काचेतून पलीकडं. "फुललाय," ते म्हणाले. "कसला फुललाय बघ. आणि आभाळ निवळतंय. आज गोठणार." आणि निघाले. काठी टेकत, बुटक्या दाराकडं. माझ्यापेक्षा पुढं. मी मागनं ओरडले, "बाबा, थांबा! मला बोलायचंय!" ते वाकून दारातून आत गेलेसुद्धा.

बागेत कुणी नव्हतं. भाज्यांच्या वाफ्यांच्या जागी गवत, मधोमध बसायची बाकं. जर्दाळू मात्र तसाच, भिंतीभर. फांद्यांपेक्षा फुलंच जास्त, पांढरी, बुडाशी गुलाबी. मला ते झाड इतकं सुंदर दिसायला नको होतं. दिवस कलला होता आणि जमिनीतून गारठा वर येत होता, पायांच्या बोटांना कळत होतं. बाबा भिंतीजवळ जाऊन फुलांच्या अगदी लगत उभे होते. "काही घातलं नाही त्यांनी यावर. जाळी नाही, काही नाही. सकाळी सगळं काळं पडेल." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आतनं ती रजई आण." तेव्हा माझा बांध फुटला. म्हटलं, "आणते ना! कुणाच्या अंगावरची आणू? आता तिथं कुणी आजारी नाहीये!" ते वळले. मी बोलत सुटले. काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. ब्लँकेट म्हणाले, लाल दोरा म्हणाले, निळे ओठ म्हणाले. तुम्ही तिच्या अंगावरचं ओढून नेलंत आणि झाडावर घातलंत म्हणाले. "झाड जगलं बघा. छान जगलं. हे इथं उभंय. ती कुठाय?" त्या चार भिंतींत माझा आवाज केवढा मोठा झाला होता. पूर्वी इथं कुणी असं ओरडलं असतं तर त्या दिवशीच बिऱ्हाड हललं असतं.

बाबांनी काठीच्या टोकानं एक गळलेलं फूल बाजूला सारलं. मग म्हणाले, "मी ओढून नाही नेलं."

"मग?"

"तीच म्हणाली, मला पण आत ने."

मला कळेना. ते भिंतीकडं बघून बोलत होते, सावकाश, नेहमी बोलतात तसे, बी पेरताना हात सुटू नये तसे. आईला बागेत यायची परवानगी नव्हती हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की रात्री गोठणार अशी संध्याकाळ असली की तिला येता यायचं. पांघरुणं बांधायला हात कमी पडायचे, तेव्हा कुणी काही म्हणायचं नाही. वर्षात तेवढ्या तीन-चार संध्याकाळी. "तुझ्या आईला कधी सांगावं लागायचं नाही. आभाळ निवळलं की हीच आधी पलंगावरची पांघरुणं ओढून दारात उभी. लोकांना गोठण्याचं भय, हिला उल्हास. येऊन फुलाखाली उभी राहायची. वास घ्यायची." त्या वर्षी ती उठू शकत नव्हती. त्यांनी नको म्हटलं. ती ऐकेना. "म्हणाली, वॉल्टर, पुढच्या वर्षी मी असेन का? मग मी काय बोलणार? उचलली. ब्लँकेटात गुंडाळून आणली. इथं, उलट्या टोपलीवर बसवली. काही वजनच नव्हतं तिला." बाकीची पांघरुणं लावून झाली. मधली जागा उघडी राहिली होती. तिनं आपलं ब्लँकेट स्वतः काढून वर दिलं. एक मिनिटाचं तर काम, म्हणाली, मग लगेच घरात नेशील. ते शिडीवर होते. खिळ्याला टोक अडकवत होते.

"आणि मग?" मी म्हटलं.

"मग घंटा झाली."

बाईसाहेब पाहुण्यांना घेऊन आल्या होत्या, फुलं झाकायच्या आत दाखवायला. बाबा शिडीवरून उतरेपर्यंत त्या मधल्या वाटेवर होत्या. बुटकं दार अगदी त्यांच्या समोर. कोपऱ्यात अवजारांची पडवी आहे, एका बाजूनं उघडी, तिच्यात शिरले दोघं. आईला त्यांनी कोटात घेतलं, छातीशी धरलं, पण खाली जमीन ओली आणि तिच्या पायात घरातल्या सपाता. पाहुण्यांना फुलं फार आवडली. ते बोलत उभे राहिले. हसत होते. कुणीतरी सिगारेट पेटवली, ती संपली, दुसरी पेटवली. "खोकला येत होता तिला. तिनं माझी बाही दातात धरली होती."

सपाता. माझ्या डोळ्यांसमोर त्या सपाता आल्या. मी त्या वाळत घातल्या होत्या.

"बाहेर यायचं होतं ना," मी म्हटलं. "नुसतं बाहेर यायचं होतं! काय केलं असतं त्यांनी? खाल्लं असतं?"

"काही नसतं केलं. बाईसाहेबांनी स्वतःची शाल दिली असती तिला. तशा होत्या त्या." बाबांनी हनुवटीवरचा तो पांढरा पट्टा खाजवला. "पण घंटा झाली होती ना गं. बाहेर यायचं असतं हे मनातच आलं नाही. मी रोज आठवून बघतो. माझ्या नाही आलं. तिच्याही नाही आलं."

"आणि मला कधी सांगितलं का नाहीत?"

"तू कधी विचारलंस?"

मी आत गेले. पलंगावरची पांढरी रजई ओढली, उशा खाली पडल्या, पडू दिल्या. रजई घेऊन आले, एक बाक भिंतीशी ओढून त्यावर चढले आणि बाबांनी सांगितलं तशी लावायला लागले. का लावत होते विचारू नका. दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. इतकी वर्षं जपलेला राग, रोज धुऊनपुसून ठेवलेला, तो ऐन वेळी हातातून काढून घेतला कुणी तर माणसानं उभं कसं राहायचं? बाईसाहेबांवर धरू? त्या मेल्या. आणि त्यांनी शाल दिली असती म्हणे! आईवर धरू? तिला एकदा फुलाखाली बसायचं होतं. बाबा खालून सांगत होते, "वर घे. अजून. फुलाला टेकू देऊ नको. हां." रजईचं टोक मी जुन्या खिळ्याला अडकवलं. खिळे अजून होते, इतके जवळजवळ की कुठंही हात नेला तरी लागत होते. फुलांचा वास येत होता, मधाचा, पण अगदी हलका, नाक जवळ नेलं तरच. मी नाक जवळ नेलं. आणि तेव्हा मला रडू आलं, आईसाठी आलं, पहिल्यांदाच नुसतं तिच्यासाठी. बाबांनी खालून माझ्या घोट्याला हात लावला. म्हणाले, "आता झालं. उतर. गारठशील."

मी बाकावरून उतरत होते आणि वरच्या फाटकाशी घंटा झाली.

बाबांची काठी पडली. शहाऐंशी वर्षांचं ते गाठोडं, ज्याला मी न्हाणीत हात धरून नेते, त्यानं माझं मनगट असं धरलं, की हाडाला कळ लागली. वाकून, गवताच्या कडेकडेनं, ते मला कोपऱ्याकडं ओढत निघाले. पिपाची वाइन आहे बाबा, चहाची घंटा आहे, आपण पाहुणे आहोत इथं, सेंगाच्या नावानं का होईना पण पाहुणे आहोत, हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण पाय त्यांच्या मागं चालले होते. मी ओढली जात नव्हते. मी पळत होते. पडवीत सरपणाची रास रचून ठेवली होती, तिच्या मागं हातभर जागा होती, तिथं आम्ही दोघं भिंतीला पाठ लावून उभे राहिलो. भिंत बर्फासारखी गार. जमीन ओली, माझ्या बुटात पाणी शिरत होतं.

"मिसेस डॉकर्टी?" पिपा हाका मारत येत होती. ग्लास किणकिणत होते. "कुठं गेलात तुम्ही दोघं? अगंबाई! रजई कुणी घातली इथं?"

मी बाबांकडं बघितलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं होतं. मला खोकला येत होता. मी त्यांच्या कोटाची बाही दातात धरली आणि गप्प उभी राहिले.